प्लेट वाकली तरी चालेल, बोर्ड नको

संगणकाचा प्रोसेसर पाणी फिरवून थंड ठेवणारा जुना वॉटर कूलर काढून त्याजागी साधा, पंख्याचा एअर कूलर बसवायचा, काम एवढंच होतं. पंप घरघर करायला लागला होता आणि काही काम चालू नसतानाही प्रोसेसरचं तापमान चढं राहत होतं. पुढचे चार स्क्रू हाताने सुटले, पंप किंचित पिळून उचलला तर तोही निमूट निघाला. मदरबोर्डाच्या मागे आधाराला लावलेली बॅकप्लेट मात्र जागची हलेना. स्क्रू सगळे बाहेर, अडकवून ठेवणारी खिट्टी कुठे दिसत नाही, आणि तरी ती बोर्डाला अशी धरून बसलेली की बोर्डासोबतच घडवली असावी. कित्येक वर्षांपूर्वी मीच ती तिथे लावली होती. कूलरसोबतच्या माहितीपत्रकात चित्र होतं: प्लेटच्या चिकटपट्टीवरचा कागद सोला, भोकं जुळवा, दाबा. त्याप्रमाणे केलं होतं. पुढे कधी काढायची वेळ आली तर काय करायचं, याचं चित्र त्या पत्रकात नव्हतं.

बॅकप्लेट कशाला असते ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मदरबोर्ड जेमतेम १.६ मिलिमीटर जाडीचा असतो. कूलर प्रोसेसरवर घट्ट बसायला हवा, म्हणजे पुढून दाब आणि चार कोपऱ्यांतल्या स्क्रूंचा उलटा ताण, दोन्ही त्या पातळ पत्र्यासारख्या बोर्डावर येतात. मागे आधार नसेल तर सॉकेटभोवती, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेभोवती, बोर्ड बाक धरतो. इंटेलच्या डब्यात येणारा छोटा कूलर प्लास्टिकच्या चार खुंट्या दाबून बसतो, त्याला प्लेट लागत नाही. त्याहून जड किंवा जास्त दाबाचा कूलर आला की मागे प्लेट आलीच. तिच्यावरची चिकटपट्टी मात्र ताण पेलण्यासाठी नसते. पुढून स्क्रू पिळताना मागची प्लेट खाली पडू नये, एवढ्याचसाठी ती दिलेली असते. स्क्रू आवळले की तिचं काम संपलं. गरज काही मिनिटांची, आणि चिकटून राहते बोर्ड भंगारात जाईपर्यंत.

काढायचीच आहे का, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. माझा बोर्ड इंटेलच्या एलजीए ११५१ या प्रकारच्या सॉकेटचा. २००९ साली आलेल्या ११५६ पासून ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० पर्यंत इंटेलने कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरच ठेवलं होतं, ते २०२१ मध्ये १७०० आल्यावर ७८ झालं. त्यामुळे जुन्या प्लेटची भोकं नव्या कूलरशी जुळत होती. पण आटे जुळत नव्हते. नव्या कूलरचे स्क्रूसारखे खांब जुन्या प्लेटमध्ये एक फेरा जात आणि अडकत. तिथे जोर लावून आटे मोडण्यात अर्थ नव्हता. ज्यांचे आटे जुळतात त्यांनी जुनी प्लेट आहे तिथेच राहू द्यावी. नवी आली म्हणून जुनी उपटायलाच हवी असं नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर मूळची प्लेट बोर्डासोबतच येते आणि बरेच कूलर तीच वापरतात. एएम५ वर तर ती सॉकेटच्या चौकटीचाच भाग आहे, तिला हात लावायचंच कारण नाही.

माझ्या बाबतीत पर्याय नव्हता, म्हणून अंगठ्याने प्लेटची एक बाजू जरा उचलून पाहिली. पाहत होतो ते मात्र बोर्डाकडे, आडव्या नजरेने, कडेच्या रेषेवर. प्लेट उचलली गेली की नाही ते कळायच्या आधी बोर्डाची कड वाकलेली दिसली. तिथेच हात काढला.

बोर्ड वाकला तर काय होतं, याची चर्चा फार होत नाही, कारण वाकलेला बोर्ड सोडला की सरळ होतो आणि वरून काही झालेलं दिसत नाही. पण सॉकेट बोर्डाला हजारभर बारीक सोल्डरच्या गोळ्यांनी जोडलेलं असतं. बोर्ड वाकतो, सॉकेट वाकत नाही, आणि मधल्या गोळ्यांवर सगळा ताण येतो. सॉकेटच्या आसपास, पुढे-मागे, सिरॅमिकचे इवलेसे कॅपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे भाग, असतात, काही तर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. सिरॅमिक लवत नाही, तडकतं. तडा आत असतो, बाहेरून कॅपॅसिटर शाबूत दिसतो, आणि मग काही महिन्यांनी मशीन कारण नसताना बंद पडायला लागतं. तेव्हा बॅकप्लेटचं कुणाला आठवतही नाही. म्हणून मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं की प्लेट तुटो, वाकडी होवो, तिचे तुकडे करून काढावी लागो, हरकत नाही. जुन्या कूलरसोबत ती तशीही जाणारच होती. जपायचा तो बोर्ड.

एका मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “अरे, मोठा स्क्रू ड्रायव्हर खाली घाल आणि उचक, निघते ती.” निघते हे खरंच आहे. पण स्क्रू ड्रायव्हर उचकताना त्याचं टोक कशावर तरी टेकतं, आणि इथे ते टेकणार बोर्डावर, जिथे हिरव्या-काळ्या रंगाच्या पातळ थराखाली केसाएवढ्या तांब्याच्या रेषा असतात. एक रेघ ओढली गेली की तांबं उघडं पडतं किंवा तुटतं. दुसऱ्या कुणी हीट गन सुचवली. हीट गन पाचशे अंशांच्या वर जाऊ शकते, आणि शिशाविना बनवलेलं सोल्डर साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं. प्लेट निघेल, सोबत बाकीचंही निघेल. बोर्ड फ्रीजरमध्ये ठेवण्याचाही सल्ला मिळाला: डिंक थंडीने कडक होतो आणि टचकन सुटतो. कदाचित सुटतही असेल. पण गार बोर्ड बाहेर काढला की त्यावर, सॉकेटच्या आत, पाणी धरतं. शिवाय टचकन सुटणं म्हणजे झटका, आणि झटकाच तर मला नको होता.

या चिकटपट्ट्या बहुतेक वेळा अॅक्रेलिक डिंकाच्या फोम टेप असतात. त्यांची गंमत अशी की लावल्या लावल्या त्या पूर्ण चिकटत नाहीत. डिंक हळूहळू पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये पसरतो, आणि पूर्ण ताकद यायला साधारण तीन दिवस लागतात. दाब आणि ऊब मिळाली तर तो आणखी चांगला पसरतो. माझ्या प्लेटला चार स्क्रूंचा दाब आणि प्रोसेसरमागची ऊब, दोन्ही वर्षानुवर्षं मिळत होतं. चिकटपट्टीची याहून चांगली बडदास्त कुणी ठेवली नसेल.

पण याच डिंकाचा स्वभाव त्याच्याविरुद्ध वापरता येतो. झटक्याने ओढलं तर तो घन पदार्थासारखा वागतो, अडतो. थोड्याशा ताणाखाली बराच वेळ ठेवला तर तो दाट द्रवासारखा सरकत जातो, लांबतो, आणि शेवटी सोडतो. सरळ वर उचललं तर पट्टीचं सगळं क्षेत्र एकदम विरोध करतं. एका कोपऱ्यातून सोलत गेलं तर विरोध फक्त त्या सुटणाऱ्या रेषेपुरता राहतो, जखमेवरची पट्टी कडेने सोलावी तसं. गरम केलं की डिंक आणखी मऊ होतो. म्हणजे हवं होतं ते एवढंच: सौम्य ऊब, एका कडेकडून सुरुवात, कमी ताण आणि भरपूर वेळ.

बऱ्याच कॅबिनेटमध्ये सॉकेटच्या मागे पत्र्याला चौकोनी खिडकी असते, बोर्ड न काढता प्लेट बदलता यावी म्हणून. तिथूनच काम उरकायचा मोह होतो. मी तो टाळला. खिडकीतून प्लेटची कड नीट दिसत नाही, बोर्ड किती वाकतोय ते तर अजिबात दिसत नाही. त्यामुळे सगळं सोडवायला घेतलं. वीज काढली, पॉवरचं बटण दाबून उरलासुरला भार जाऊ दिला, २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर काढली, समोरच्या बटणांच्या बारीक वायरींचा फोटो काढून ठेवला, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी बाजूला केले. बोर्डाचे स्क्रू सोडवून तो टेबलावर आणला. नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी पण काढून ठेवली. बोर्डावर द्रव टाकायचा असेल तर कुठेही वीज असता कामा नये, मग ती एवढीशी का असेना.

प्रोसेसरचं काय करावं यावर दोन मतं आहेत. तो सॉकेटमध्ये असला की खालच्या पिना झाकलेल्या राहतात, हे खरं. पण बोर्ड पालथा घालून मागून काम करायचं तर प्रोसेसरच्या वजनाचा आणि त्याला दाबून धरणाऱ्या कळीच्या दाबाचा ताण सॉकेटवर राहतोच. मी प्रोसेसर काढला आणि बोर्डासोबत आलेलं प्लास्टिकचं झाकण सॉकेटवर बसवलं. ते झाकण फेकून न देण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते. ११५१ या आकड्याचा अर्थच सॉकेटमधल्या तेवढ्या स्प्रिंगसारख्या पिना, आणि त्यातली एखादी वाकली तरी रॅमचा एक अख्खा चॅनल, म्हणजे रॅमला जोडणारी एक वाट, दिसेनासा होऊ शकतो.

मग बोर्ड पालथा करून भिंग आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन मागची बाजू नीट पाहिली. कामातला सर्वांत उपयोगी वेळ हाच. प्लेट होती इंग्रजी एच अक्षरासारखी, जाड प्लास्टिकची, भोकांच्या जागी धातूचे नट बसवलेले. तिच्या चार बाहूंखाली छोटे फोमचे तुकडे होते, ते थेट बोर्डाला चिकटलेले. मधला भाग मात्र बोर्डाला लागत नव्हताच. तो सॉकेटच्या स्वतःच्या धातूच्या प्लेटवर चिकटला होता. ही दुसरी प्लेट इंटेलच्या ११५१ सारख्या बोर्डांवर असतेच, प्रोसेसर दाबून धरणारी पुढची चौकट तिच्यातच स्क्रूने आवळलेली असते. दोन्ही प्लेटा एकमेकींवर बसलेल्या असल्याने वरवर पाहता सगळं एकच वाटतं. हा फरक लक्षात आल्यावर काम निम्म्यावर आलं, कारण धोका फक्त चार बाहूंखाली होता. मध्ये डिंक कितीही घट्ट असला तरी तो धातूला धरून होता, बोर्डाला नाही.

एका बाहूच्या अगदी कडेला इवल्या कॅपॅसिटरची एक रांग होती. त्यांच्यावर मास्किंग टेपची पट्टी लावली आणि मनाशी ठरवलं की त्या बाजूला काहीही सरकवायचं नाही, हालचाल नेहमी त्यांच्यापासून दूर जाणारी असेल. फोटोही काढले, चारही कोपऱ्यांचे, जवळून. नंतर काही गेलंय का हे आठवणीवर विसंबून ठरवता येत नाही.

उबेसाठी केस वाळवायचा ड्रायर घेतला, कमी आचेवर, वीतभर अंतरावरून, सतत फिरवत. प्लेट बोटाला चटका बसेल न बसेल इतकी गरम झाली की पुरे. म्हणजे साठेक अंश. मदरबोर्डावरचे कॅपॅसिटर सहसा १०५ अंशांपर्यंत चालतील असे बनवलेले असतात, त्यामुळे एवढ्या उबेने बोर्डाला काही होत नाही. डिंकाचा ताठा मात्र स्पष्ट कमी होतो.

पहिल्या बाहूखाली दात स्वच्छ करायचा दोरा घातला. दोन टोकं दोन हातांत धरून, बोर्डाला समांतर, करवतीसारखा पुढे-मागे. फोम कापला जात होता, पण दोरा सारखा तुटत होता. बोर्डाच्या मागे पुढच्या भागांचे पाय सोल्डरमधून बाहेर आलेले असतात आणि त्यांची टोकं तासलेल्या तारेसारखी धारदार असतात. दोरा त्यांच्यावर घासला की संपला. मग मासे पकडायची नायलॉनची दोरी घेतली. ती टिकली. दोरी वापरताना एकच पथ्य: ती जोराने खाली ओढायची नाही. खाली ओढली की ती बोर्डावर घासते आणि वाटेत जे असेल ते सोबत घेऊन जाते. ती प्लेटच्या पोटाला लागून चालली पाहिजे, जणू प्लेटच कापायची आहे. प्लेट गरम असताना दोन-चार हेलकाव्यांत ती फोममध्ये शिरते, गार झाली की अडते. अडली की जोर वाढवायचा नाही, पुन्हा ड्रायर.

इथे अल्कोहोलचा विषय येतो. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल मी बोथट सुईच्या सिरिंजने पट्टीच्या कडेला थेंब थेंब सोडलं. या अल्कोहोलने अॅक्रेलिक डिंक खरं तर विरघळत नाही. ते कडेच्या फटीत ओढलं जातं आणि डिंक व पृष्ठभाग यांच्यातली पकड सैल करतं, आधीच किंचित सुटलेली कड परत चिकटू देत नाही. त्यामुळे नुसत्या अल्कोहोलवर भरवसा ठेवून वाट पाहणाऱ्यांची निराशा होते. दोरीने वाट काढून द्यावी, मग ते आत शिरून आपलं काम करतं. बोर्डाखाली एका बाजूला जाडसर घडी ठेवून तो तिरका केला होता, म्हणजे जास्तीचा द्रव सॉकेटकडे न जाता बाहेर वाहील.

ड्रायर आणि अल्कोहोल यांची भेट मात्र होऊ द्यायची नाही. आयसोप्रोपाइल साधारण १२ अंशांवरच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि ड्रायरच्या आत तापलेली तार असते. आधी ऊब, मग ड्रायर बंद करून लांब ठेवायचा, मग थेंब. पुन्हा गरम करायचं तर आधी अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ द्यायचं आणि खिडकी उघडी ठेवायची. कुणी अॅसिटोन सुचवेल. ते डिंकावर जास्त चालतं हे मान्य, पण प्लास्टिकचे कनेक्टर, बोर्डावरची छापील अक्षरं, यांच्यावरही चालतं. बोर्डाजवळ ते नको.

दोरीने बाहूखालचा फोम अर्धा कापला गेल्यावर पाचर लावली. गिटार वाजवायची प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फटीत सरकवली, तिच्यावर आणखी एक. बोटाने फक्त एवढीच आत ढकलली की ती स्वतःच्या बळावर तिथे उभी राहील. आणि मग सोडून दिलं. काही करायचं नाही. पाचरीचा तो बारीकसा ताण डिंकाला सतत जाणवत राहतो आणि डिंक सरकत राहतो. थोड्या वेळाने येऊन पाहिलं तर पाचर सैल झालेली. तिला आणखी आत सारलं, कडेला दोन थेंब, पुन्हा सोडून दिलं. या कामात अवघड काही असेल तर ते असं निघून जाणं. समोर अर्धवट सुटलेली प्लेट दिसत असताना हात शिवशिवतात, आता एक हिसका दिला तर झालंच, असं वाटत राहतं. मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

तीन बाहू असे सुटले. चौथा, कॅपॅसिटरच्या रांगेशेजारचा, तिथे दोरी चालवण्यात धोका होता, कारण एका बाजूला हालचालीला जागाच नव्हती. तिथे मी बाहूच कापला. बारीक दात्यांच्या हातकरवतीने, बाहू जिथे मधल्या पट्टीला जोडला जातो तिथे, खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून. प्लास्टिकचा भुगा बोर्डावर सांडू नये म्हणून आजूबाजूला टेप लावला होता. बाहू वेगळा झाल्यावर उरला तो धातूच्या नटासकट एक छोटा तुकडा. तो गरम करून बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू पिळला. लहान तुकडा पिळला तर बोर्डावर वाकवणारा ताण जवळजवळ येतच नाही, आणि फोम मधूनच फाटतो. तुकडा हातात आला, फोमची साल बोर्डावर राहिली. प्लेट धातूची असती तर हे जमलं नसतं, तिथे दोरी आणि पाचरीवरच सगळी भिस्त ठेवावी लागली असती.

आता राहिला मधला भाग. तिथे दोरी घालून पाहिली, पण फोमचं क्षेत्र मोठं होतं आणि पाचर लावायला कडा हाताशी येत नव्हती. तेव्हा बोर्ड उलटा केला आणि पुढून कामाला लागलो. सॉकेटची चौकट पुढच्या बाजूने तीन टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूंनी, टी२० मापाच्या, मागच्या धातूच्या प्लेटमध्ये आवळलेली असते. ते तीन सुटले की धातूची प्लेट बोर्डापासून मोकळी होते, आणि तिच्यावर चिकटलेली आपली प्लेट तिच्यासोबतच येते. बोर्डाच्या कडा समान उंचीच्या दोन जाड पुस्तकांवर टेकवल्या, सॉकेटच्या जवळ, म्हणजे मध्ये झोळ येणार नाही, आणि प्लेट खाली पडली तर झेलायला मऊ फडकं अंथरलं. तिन्ही स्क्रू एकेक पूर्ण काढत न जाता पाळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सोडवले, चौकट एका बाजूने उचलली जाऊ नये म्हणून. पुढचा स्क्रू बाकी दोघांहून वेगळा, जाड मानेचा असतो. तो कुठला हे लक्षात ठेवायचं. चौकट उचलली, आणि त्याच क्षणी तिच्यावर बसलेलं झाकणही गेलं, म्हणजे पिना उघड्या. लगेच एक छोटी डबी पालथी घालून त्यावर टेपने बसवली. बोर्डाची एक कड उचलून पाहिली तर दोन्ही प्लेटा, एकमेकींना मिठी मारून, खाली फडक्यावर पडलेल्या होत्या.

एवढं झाल्यावर मी हसलोच. बोर्ड मोकळा झाला होता आणि डिंक अजून सुटलेलाच नव्हता.

टेबलावर दोन प्लेटा वेगळ्या करणं ही निवांत गंमत होती. आता वाकण्याची, घासण्याची, सांडण्याची कसलीच भीती नाही. गरम केलं, बोथट सुरी घातली, पिळलं, निघाली. सॉकेटच्या धातूच्या प्लेटला बोर्डाकडच्या बाजूने एक पातळ काळा प्लास्टिकचा थर असतो. तो शोभेचा नाही, धातू आणि सोल्डरच्या टोकांमध्ये तेवढंच आवरण आहे. सुरी त्या बाजूला जाऊ दिली नाही. तो थर फाटला तर ती प्लेट परत लावू नये.

ज्यांच्या प्लेटखाली बाहूंना डिंकच नाही, फक्त मध्ये आहे, त्यांनी दोरी-ड्रायरच्या भानगडीत न पडता सरळ हे तीन स्क्रू सोडवावेत असं माझं मत आहे. एलजीए १७०० वर ते चार असतात, बाकी रीत तीच.

उरलेला डिंक काढणं कंटाळवाणं, पण सोपं. बोर्डावरची फोमची साल हातमोजा घालून अंगठ्याने गोल-गोल चोळली की तिच्या वळ्या होतात आणि त्या उचलता येतात. कोरडं चोळू नये, स्थिर वीज तयार होते. अल्कोहोलने ओलसर करून चोळावं. कापूस मी टाळला, कारण त्याचे तंतू त्या धारदार टोकांमध्ये अडकतात आणि मग चिमट्याने एकेक वेचत बसावं लागतं. जुना मऊ टूथब्रश आणि धागे न सोडणारं कापड पुरलं. धातूच्या प्लेटवर संत्र्याच्या तेलाचा डिंक-नाशक वापरला, तो तेलकट डाग ठेवतो म्हणून नंतर अल्कोहोलने पुसून घेतली. बोर्डावर तो लावला नाही. डिंकाचा धूसर डाग बोर्डावर थोडा राहिला तर राहू द्यावा. उंचवटा राहता कामा नये, कारण नवी प्लेट त्यावर तिरकी बसेल आणि कूलरचा दाब एका बाजूला जास्त जाईल.

चौकट पुन्हा बसवताना स्क्रू तसेच पाळीपाळीने, चौकट बसेल आणि हलणार नाही इतकेच आवळले. मग फोटो शेजारी ठेवून भिंगाने चारही कोपरे तपासले. कॅपॅसिटरची रांग पूर्ण होती. मल्टिमीटरने प्रोसेसरच्या ८ पिनच्या जागी १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, ते पाहिलं. अल्कोहोल वरून लगेच उडतं, पण सॉकेटखाली शिरलेलं हळू जातं, म्हणून बोर्ड रात्रभर उभा करून ठेवला.

नव्या प्लेटवरही चिकटपट्टी होतीच, कागदाने झाकलेली. तो कागद मी सोलला नाही. बोर्ड टेबलावर आडवा असेल तर प्लेट खाली ठेवून वरून खांब पिळता येतात, तिला धरून ठेवायला डिंकाची गरजच नसते. उभ्या कॅबिनेटमध्ये एकट्याने कूलर बसवणाऱ्याला ती पट्टी लागते, आणि त्यालाही दोन कोपऱ्यांवर कागदी टेपचा तुकडा पुरतो. कागद तसाच ठेवल्याने जाडीत नावापुरता फरक पडतो. खांब पूर्ण बसतात का आणि प्लेट चारही बाजूंनी सारखी टेकते का, एवढं पाहून घेतलं.

पहिल्यांदा बोर्ड कॅबिनेटबाहेर, पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून सुरू केला. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी, बाकी काही नाही. तो चालला. मग रॅमच्या पट्ट्या दोन्ही चॅनलमध्ये घालून दोन्ही दिसतात का ते पाहिलं, कारण सॉकेटला काही झालं असतं तर ते बहुधा इथेच कळलं असतं. मेमरी टेस्ट एक पूर्ण फेरी होऊ दिली, चूक एकही नाही. त्यानंतरच बोर्ड आत गेला. कापलेल्या बाहूचा तुकडा, त्यातला नट आणि जुनी प्लेट एका पिशवीत घालून पंपासोबत ई-कचऱ्यात टाकली. टी२० ची किल्ली मात्र आता स्क्रू ड्रायव्हरच्या डब्यात वरच ठेवली आहे.